बांधून आलेला डिफरन्शल ओरडतोय तेव्हा

डिफरन्शल, म्हणजे मागच्या चाकांमधला त्यांना फिरवणारा गियरचा गोळा, बांधून गाडी घरी येते आणि पहिल्याच फेरीत मागून 'घूंऽऽ' सुरू होतं. मेस्त्रीला फोन केला की उत्तर ठरलेलं असतं: "नवीन गियर आहे, थोडं ओरडणारच. चालव, बसेल." तर आधी हेच सांगतो, की बसत नाही. इंजिनाच्या रिंगा बसतात, ब्रेकचे लायनर बसतात. डिफरन्शलमधल्या क्राऊन (मोठं गोल चक्र) आणि पिनियन (त्याला फिरवणारा लहान गियर) यांच्या दातांना वरून फक्त एक पातळ कडक थर दिलेला असतो. दात चुकीच्या जागी टेकले तर तिथेच घासतात आणि ती चुकीची जागा पक्की होते. मग नंतर कितीही अचूक शिम (माप जुळवायची पातळ चकती) घाला, आवाज जात नाही आणि जोडीच बदलावी लागते. म्हणून आवाज आला की पहिल्या आठवड्यातच हलायचं. महिनाभर "बघूया" म्हणत चालवलेली गाडी वाचवणं कठीण.

मी गोव्यात साखळीजवळच्या एका खाणीच्या वर्कशॉपात फिटर होतो. २०१२ साली खाणी थांबल्या आणि आमचे टिपर होते तिथेच गंजत उभे राहिले. आता घरामागच्या शेडमध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गाड्या बघतो, बहुतेक वेळा फुकट. हे लिहायला निमित्त केरीच्या मावसभावाची जुनी महिंद्रा जीप. कुळागरातली (बागायतीतली) सुपारी आणि नारळ रस्त्यापर्यंत आणायला ती वापरतो. पावसाळ्यानंतर डिफरन्शल बांधून घेतला, आणि तेव्हापासून घरात रोज त्याच आवाजावरून वाद. त्याची बायको म्हणते विकून टाका, तो म्हणतो पिनियनचा नट अजून थोडा आवळतो.

नट आवळायचा नाही. का, ते पुढे येईल. तेल जाड घालायचं नाही, आत ग्रीस भरायचं नाही. जुन्या गाड्या विकणारे आवाज दाबायला लाकडाचा भुसा घालायचे असं आमचे जुने फोरमन सांगत. विकणाऱ्याचं त्यात भागत असेल, तुम्हाला ती गाडी चालवायची आहे.

आधी रस्त्यावर ऐका

गाडी जॅकवर चढवण्याआधी एक नीट फेरी मारायची. आमच्याकडे त्यासाठी जागा आयती आहे. साखळीहून केरीपर्यंतचा बराचसा सपाट रस्ता, आणि केरीपासून वर चोर्ल्याचा घाट. पहाटे बेळगावचे ट्रक सुरू व्हायच्या आत जा. काच खाली, रेडिओ बंद, आणि मागच्या सीटवर कान तिखट असलेला एखादा पोरगा बसवा. चालवणाऱ्याला पुढून इंजिनच जास्त ऐकू येतं.

तीन स्थिती वेगवेगळ्या ऐकायच्या. घाट चढताना अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असतो, तेव्हा इंजिन चाकांना ढकलतं. उतरताना तिसऱ्या गियरमध्ये पाय काढून घेतला की चाकं इंजिनाला ओढतात. आणि सपाटीवर एका ठरावीक वेगाला, पाय असा हलका ठेवायचा की धड ढकलणं नाही, धड ओढणं नाही. दाताच्या दोन बाजू असतात. चढताना एक काम करते, उतरताना दुसरी. आवाज एकाच स्थितीत येत असेल तर बोट बहुधा दातांच्या टेकण्याकडेच जातं. तिन्हीत सारखा घरघरत असेल तर बेअरिंगवर संशय घ्या.

यात एक खूण मला फार उपयोगी पडते. चढताना गाडी गप्प आणि उतरताना पाय काढला की ओरडते, असं असेल तर पिनियन सैल आहे का ते आधी बघा. ढकलताना पिनियन क्राऊनपासून बाहेर, फ्लँजच्या (शाफ्ट जोडायच्या चकतीच्या) दिशेला रेटला जातो. उतरताना उलट आत, क्राऊनकडे ओढला जातो. बेअरिंगवर दाबून धरणारा ताण नसेल तर तो दरवेळी पुढे-मागे सरकतो आणि दात खोल घुसून घासतात. मावसभावाच्या जीपचं नेमकं हेच होतं. केरीहून वर जाताना काही नाही, आणि परत येताना अंजुण्याचं धरण दिसू लागलं की रडगाणं सुरू.

बाकीचे आवाज पटकन ओळखता येतात. क्लच सोडताना किंवा पाय काढून परत देताना 'खट्' असा एकच ठोका आला तर डिफरन्शलवर आळ घेण्याआधी प्रॉपेलर शाफ्टचे (गियरबॉक्सकडून डिफरन्शलकडे येणाऱ्या दांड्याचे) क्रॉस हलवून बघा, स्प्रिंगचे यू-बोल्टही बघा. अर्ध्या वेळा चोर तिथेच असतो. तसं नसेल तर बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, जास्त आहे किंवा केजमधल्या (क्राऊन ज्यावर बसतो त्या पिंजऱ्यातल्या) स्टार गियरच्या चकत्या झिजल्यात. फक्त वळणावर गुरगुर येत असेल तर स्टार गियर, नाहीतर चाकाचं बेअरिंग. डाव्या वळणावर भार उजव्या चाकावर जातो, तेव्हा आवाज वाढला तर उजवं बेअरिंग आधी तपासा. डांबरावर एक आवाज आणि काँक्रीटवर दुसरा, तर टायर. त्यासाठी डिफरन्शल खोलून बसू नका.

कंप येत असेल तर जरा हिशेब करा. बोलेरोला असतो त्या २१५/७५ आर १५ टायरचा घेर जवळपास २.२ मीटर. ताशी ६० ला गाडी मिनिटाला १००० मीटर जाते, म्हणजे चाक मिनिटाला सुमारे ४५० वेळा फिरतं. रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या, समजा ४.१ असेल तर पिनियन आणि शाफ्ट १८५० च्या आसपास. म्हणजे चाकाशी जोडलेल्या दोषाचा ठोका सेकंदाला सात-आठ, तो मोजल्यासारखा जाणवतो. शाफ्ट किंवा पिनियनचा असेल तर सेकंदाला तीस, म्हणजे सलग झिणझिण. क्राऊनचा एक दात तुटला असेल तर चाकाच्या एका फेरीला एकदाच 'टक्' होतं, आणि ते गाडी हळू चालवतानाच स्पष्ट ऐकू येतं. असं ऐकू आलं तर गाडी तिथेच थांबवा. तो तुकडा आत फिरत असतो आणि दोन दातांमध्ये आला तर मागची चाकं चालत्या गाडीत जाम होऊ शकतात.

फेरीवरून आल्याआल्या हात लावायचा: पिनियनच्या नाकाशी, म्हणजे शाफ्ट जिथे आत शिरतो तिथे, आणि मग हौसिंगच्या (बाहेरच्या कवचाच्या) पोटाला. तळहात पाच सेकंद ठेवता आला तर घाबरण्यासारखं काही नाही. तापलेलं हौसिंग ७० ते ९० अंशांपर्यंत जाऊ शकतं, घाटानंतर तर सहज. पण केरीपर्यंतच्या सपाट फेरीतच नाक हात लावू देत नसेल आणि पोट कोमट असेल, तर पिनियनचं बेअरिंग अति आवळलंय. कोविडाच्या काळात घरोघर घेतलेलं कपाळावर रोखायचं यंत्र इथे कामाचं नाही. बहुतेक यंत्रं ४३ च्या वर आकडाच दाखवत नाहीत.

न खोलता होणाऱ्या तपासण्या

गाडी सपाट जागी घ्या, पुढच्या चाकांना दगड लावा, मागचा अ‍ॅक्सल जॅकने उचलून दोन्ही नळ्यांखाली स्टँड लावा. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरायचं नाही. ज्याला हे पटत नाही त्याने पुढचं वाचू नये. आणि एकच चाक वर असताना इंजिन सुरू करून गियर टाकायचा नाही. लिमिटेड स्लिप (दोन्ही चाकांना जोर देणारा) डिफरन्शल असेल तर जमिनीवरचं चाक गाडीला स्टँडवरून खाली ढकलतं.

शाफ्ट सोडवून पिनियनची फ्लँज दोन्ही हातांनी धरा. वर-खाली, मग आत-बाहेर हलवा. जरासाही प्ले (सैलपणा) जाणवला तर पिनियनवर ताण नाही, ही तपासणी तिथेच संपली. बरोबर बांधलेल्या पिनियनला आत-बाहेर प्ले अजिबात नसतो. मग सावकाश फिरवा. बॅकलॅशएवढंच फिरेल, पण तेवढ्यातही अडखळणं किंवा खरखर बोटांना कळते. बेअरिंगचा कप (बाहेरची कडी) पोगर ठोकून बसवताना त्यावर खाच पडली असेल तर ती इथे लागते.

पुढे रेशो मोजा. ही दहा मिनिटांची गोष्ट आहे आणि कोणी करत नाही. शाफ्टला खडूची खूण, चाकाला खडूची खूण, गाडी न्यूट्रलला. एक चाक कोणालातरी घट्ट धरायला सांगा आणि दुसरं बरोबर दोन फेऱ्या फिरवा. शाफ्ट जितक्या फेऱ्या फिरेल तो तुमचा रेशो. सीजे-३बी जीपला ४३ ला ८ दात येतात, म्हणजे ५.३८. मावसभावाच्या जीपला पुढच्या अ‍ॅक्सलला तेवढेच मोजले. मागे मात्र शाफ्ट पाच फेऱ्याही पूर्ण करेना, ४.८८ भरला, म्हणजे ३९ ला ८. बाजारातून आणलेली जोडी दुसऱ्या जातीची होती. रोज डांबरावर टू-व्हील चालवताना हे कळलंच नसतं, फक्त स्पीडोमीटर कमी दाखवतो. तो ५० म्हणतो तेव्हा जीपीएसवर ५५ असतात. पण चिखलात फोर-व्हील लावला की दहा फेऱ्यांमागे जवळपास एका फेरीची तफावत दोन अ‍ॅक्सलमध्ये पडते, आणि ती शाफ्टांना पिळत बसते. खरेदी करताना जोडी मोजून घ्या, दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका.

मग तेल. भरायच्या बोल्टातून बोट घालून बघा, भोकाच्या काठापर्यंत हवं. खालचा बोल्ट सोडून थोडं तेल स्वच्छ पांढऱ्या बशीत घ्या. बोल्टाच्या चुंबकावर राखाडी लोण्यासारखा लेप असेल तर नवीन गियरला ते चालतं. चकचकीत पातळ खवले, सुईसारखे कण किंवा बोटाला टोचणारा तुकडा असेल तर ते बांधकामाचं पाप. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. आपल्याकडे हे फार होतं. अ‍ॅक्सलवरची ब्रीदरची (आतली हवा बाहेर जायची) नळी चिखलाने बुजलेली असते. गरम अ‍ॅक्सल ओढ्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. कुळ्याहून दूधसागरला ओढे ओलांडत जाणाऱ्या जीपवाल्यांनी ब्रीदरला लांब रबरी नळी जोडून ती वर बॉडीपर्यंत नेली तर हा त्रास निम्मा होतो.

तेलाची जातही विचारा. पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसतो त्या हायपॉइड जोडीला जीएल-५ च लागतं, साधारणपणे ८०डब्ल्यू-९०. बऱ्याच गियरबॉक्सना जीएल-४ लागतं, आणि काही गॅरेजात एकाच डब्यातून दोन्हीकडे ओततात. दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसरतही असतात. जीएल-५ मधली औषधं नसतील तर धातूवर धातू घासतो.

खोलायचं ठरलं तर

इथून पुढे डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ), टॉर्क रेंच (जोर मोजून आवळायचा पाना) आणि प्रेस लागतं. घरी नसेल तर लाज नाही. फोंड्यात, म्हापशात किंवा बेळगावच्या उद्यमबागेत असं काम करणारे आहेत. पण तुम्ही शेजारी उभे राहा आणि प्रत्येक आकडा लिहून घ्या. "कितें रे, विश्वास ना?" असं कोणी म्हणालं तर हसून चहा मागवा, कागद मात्र खिशात टाकू नका.

झाकण काढल्यावर घाईने केज उपसू नका. आधी आहे त्या अवस्थेत मोजायचं. दोषी बांधणीचा सगळा पुरावा त्या क्षणीच आत असतो. केजच्या बेअरिंगच्या दोन्ही टोप्यांवर डाव्या-उजव्याची खूण करा. त्या हौसिंगबरोबर एकत्र बोअर केलेल्या असतात, अदलाबदल चालत नाही. अनेकदा तिथेच सापडतं की आधीच्या हाताने त्या उलट्या लावल्यात आणि बेअरिंग तिरकं दाबलं गेलंय.

डायल गेजचं टोक क्राऊनच्या दाताच्या बाहेरच्या टोकाला काटकोनात टेकवा, पिनियन घट्ट धरा, क्राऊन मागे-पुढे हलवा. हा बॅकलॅश. बहुतेक जीप आणि पिकअपच्या अ‍ॅक्सलला ०.१० ते ०.२० मिलिमीटर असतो. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा दिला असेल तर तो खरा. चार-पाच ठिकाणी मोजा. सगळीकडे सारखाच जास्त असेल तर शिमेचं काम आहे. एका ठिकाणी ०.१० आणि समोरच्या बाजूला ०.२५ असेल तर क्राऊन डोलतोय: बसवताना मागे कचरा राहिला, नाहीतर बोल्ट एका बाजूने आवळले. क्राऊनच्या पाठीवर गेज लावून फिरवा. ०.०५ च्या आत हवं.

आता रंग. ही माझी आवडीची पायरी आहे, आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारीही. गियरसाठी मिळणारा पिवळा किंवा निळा घट्ट रंग क्राऊनच्या तीन-चार दातांच्या दोन्ही बाजूंना पातळ लावा. क्राऊनला चिंधीने किंवा लाकडाने जरा अडवून धरा म्हणजे भार येतो, आणि पिनियनची फ्लँज दोन्ही दिशांना फिरवा. दातावर जिथे रंग पुसला जातो तिथे खरा संपर्क. ठसा दाताच्या साधारण मध्यावर, लंबगोल आणि कडा मऊ असा हवा, कुठल्याही काठाला चिकटलेला नको.

वाचताना दोन दिशा वेगळ्या ठेवा, नाहीतर डोकं फिरतं. उंचीची दिशा पिनियन किती खोल बसलाय ते सांगते. ठसा दाताच्या बुडाशी गेला तर पिनियन जास्त आत आहे, त्याची शिम पातळ करायची. ठसा माथ्याकडे गेला तर पिनियन लांब राहिलाय, शिम जाड करायची. लांबीची दिशा क्राऊन किती जवळ आहे ते सांगते. ठसा आतल्या टोकाला, म्हणजे क्राऊनच्या मध्याकडे, असेल तर क्राऊन पिनियनपासून दूर न्यायचा. बाहेरच्या टोकाला असेल तर जवळ आणायचा. पिनियनची शिम बदलली की बॅकलॅश बदलतो, म्हणून एक बदल, एक रंग, एक मोजणी असंच पुढे जायचं. दोन बदल एकदम केलेत की कशाने काय झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

जाडीचे आकडे फार मोठे नसतात. ०.०५ ची शिम बदलली तरी ठसा हललेला दिसतो. म्हणून "जुन्या शिमाच परत घातल्या, कंपनीच्या आहेत" हे ऐकलं की मला पुढचं ऐकायची गरज उरत नाही. जुनी शिम जुन्या पिनियनसाठी होती. पिनियनच्या तोंडावर बारीक अक्षरांत +२ किंवा -३ असा आकडा कोरलेला असतो. तो त्या पिनियनचा मूळ मापापासूनचा फरक. शिम निवडताना तो धरावाच लागतो. तिथेच एक जोडीचा क्रमांकही असतो आणि तोच क्राऊनच्या कडेलाही. कारखान्यात क्राऊन आणि पिनियन एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, म्हणून दोन्ही क्रमांक सारखे हवेत. क्रमांक वेगळे निघाले तर रंग लावण्यातही वेळ घालवू नका, ती जोडीच नव्हे.

पिनियनचा ताण मोजायचा तो केज आत बसवण्याआधी, नुसता पिनियन हौसिंगमध्ये असताना. पिनियन सुरू करायला नव्हे, फिरत ठेवायला किती जोर लागतो ते बघायचं. जीपच्या वर्गातल्या अ‍ॅक्सलला नव्या बेअरिंगवर साधारण २० ते ४० इंच-पौंड येतो, म्हणजे सव्वादोन ते साडेचार न्यूटन-मीटर. जुनीच बेअरिंगं परत घातली असतील तर याच्या निम्मा. तेवढा बारीक टॉर्क रेंच नसेल तर मासळीवाल्यांकडे असतो तसा स्प्रिंगचा काटा घ्या. फ्लँजवर दोरी गुंडाळून काट्याने सावकाश ओढा. फ्लँजची त्रिज्या ५ सेंटिमीटर असेल तर ६ किलोच्या आसपासचा आकडा म्हणजे ३ न्यूटन-मीटर. माझ्या शेडमधला काटा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेतलेला आहे आणि त्याने अजून दगा दिलेला नाही.

आता नट का आवळायचा नाही ते. काही गाड्यांत दोन बेअरिंगांच्या मध्ये पातळ पत्र्याची नळी असते, तिला कॉलर म्हणतात. नट आवळला की ती चेपत जाते आणि बेअरिंगवर हवा तेवढा ताण धरून ठेवते. एकदा चेपली की चेपली. बाहेरून अंदाजाने आवळलात तर ताण मर्यादेबाहेर जातो. मग नट सैल करून परत आणता येत नाही, नवीन कॉलर घालावीच लागते. जुन्या जीपमध्ये कॉलरऐवजी शिमा असतात. तिथे नट पूर्ण टॉर्कला आवळूनच ताण मोजायचा, आणि कमी-जास्त असेल तर शिम बदलायची. दोन्हीकडे नट हे आवाज कमी-जास्त करायचं बटण नव्हे. नट दरवेळी नवाच घ्या.

मावसभावाच्या जीपमध्ये नट पूर्ण आवळलेला होता आणि तरीही पिनियन हलत होता, कारण शिमा जुन्या बेअरिंगच्या मापाच्या होत्या. क्राऊनचे दोन बोल्ट हाताने फिरले. त्या बोल्टांना नवीन थ्रेडलॉक, समोरासमोरचे आवळत जायचे, आणि शेवटचा टॉर्क पुस्तकातला. झाकणाला सिलिकॉन इतकं फासलेलं होतं की आतल्या बाजूला त्याचे गोळे लोंबत होते. ते सुटून तेलाची वाट अडवतात. पातळ एक रेघ पुरते.

बेअरिंग घेताना पेटी नवी दिसते म्हणून विश्वास ठेवू नका, नकली मालही चांगल्या पेटीत येतो. अधिकृत विक्रेत्याकडून बिल घेऊनच घ्या. एसकेएफने पडताळणीसाठी मोबाइल अ‍ॅप काढलेलं आहे, त्यात फोटो पाठवून विचारता येतं. अ‍ॅक्सलचे सील बदलायला विसरू नका. मागच्या ब्रेकच्या ड्रमवर तेल उतरलं असेल तर ती गाडी आवाज असो-नसो रस्त्यावर आणायची नाही.

गाडी ओढून न्यायची वेळ आली तर लक्षात ठेवा, शाफ्ट सोडवला तरी चाकांबरोबर क्राऊन-पिनियन फिरतातच. मागची चाकं उचलून न्या किंवा सपाट ट्रकवर चढवा. फुल-फ्लोटिंग (ज्यात गाडीचा भार शाफ्टवर नसतो तो) अ‍ॅक्सल असेल तरच दोन्ही अ‍ॅक्सल शाफ्ट बाहेर ओढून, हबचं तोंड झाकून, चाकांवर ओढता येते.

ज्याने बांधला त्याच्याशी बोलणं

हा भाग पान्याचा नाही, पण अडकतं ते इथेच. गावात सगळे एकमेकांच्या लग्नाला आणि जत्रेला भेटतात. शिव्या देऊन गाडी दुसरीकडे नेली की पैसेही गेले आणि संबंधही. दुसऱ्याने खोलल्यावर पहिल्याला म्हणायला जागा मिळते, "माझं ठीक होतं, त्याने बिघडवलं." म्हणून खोलण्याआधी पहिल्या मेस्त्रीला कळवा, शक्य असेल तर समोर बोलवा. तोंडी नव्हे, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून: तारीख, किलोमीटर, कुठल्या स्थितीत आवाज येतो. घाट उतरतानाचं आवाजाचं रेकॉर्डिंग जोडा. प्ले हलवतानाचा व्हिडिओ काढा, रंगाचे फोटो काढा, जुने सुटे भाग मागून घ्या. "तू वाईट काम केलंस" असं म्हणायचं नाही. "बॅकलॅश ०.३५ येतोय, पुस्तकात ०.२० पर्यंत आहे, काय करूया?" असं विचारायचं. आकड्याशी भांडता येत नाही. मावसभावाच्या मेस्त्रीने दोन दिवस फोन उचलला नाही. मग फोटो बघितल्यावर स्वतःच शेडमध्ये आला, आणि मजुरी परत न देता काम परत करून द्यायला तयार झाला. जोडी मात्र बेळगावहून नवीन आणली, ५.३८ ची, दुकानातच दात मोजून. तिचे निम्मे पैसे मावसभावाने दिले. पूर्ण न्याय झाला असं मी म्हणणार नाही, पण जीप सुपारीच्या हंगामाआधी चालू झाली.

समोरचा ऐकतच नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सेवेतल्या त्रुटीची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते, कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत. ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. गाडी धंद्याची असली तरी पोट भरण्यासाठी तुम्ही स्वतः ती चालवत असाल तर तुम्ही ग्राहकच ठरता. बिलाशिवाय यातलं काही करणं अवघड, म्हणून साध्या कागदावर का होईना, पैसे देतानाच घ्या.

परत बांधून आल्यावर

पहिली फेरी वीसेक किलोमीटरची, सपाट रस्त्यावर, ताशी ५०-६० च्या आत, माल न घालता. मग अर्धा तास थांबवून पूर्ण थंड होऊ द्या. नव्या दातांवर सुरुवातीला उष्णता फार तयार होते आणि सलग चालवलं तर वरचा कडक थरच मऊ पडतो. पहिले काही दिवस असंच चालवा-थांबवा. ८०० किलोमीटर होईपर्यंत घाटात माल भरून चढायचं नाही, ट्रॉली ओढायची नाही. मावसभावाला सुपारीची पोती घालायची घाई होती. त्याला सांगितलं, तोवर शेजाऱ्याचा टेम्पो भाड्याने घे.

८०० किलोमीटरला तेल गरम असताना काढा आणि चुंबक पुसून बघा. राखाडी लेप असेल तर ठीक. खवले असतील तर झाकण परत काढायचं, पुढच्या पावसापर्यंत थांबायचं नाही. नवीन तेल भरताना गाडी खरंच सपाट उभी आहे ना ते बघा. आमच्या अंगणासारख्या उतारावर भोकाच्या काठापर्यंत भरलं तरी अर्धा लिटर कमी-जास्त होतं. बोल्टाची तांब्याची चकती दरवेळी नवी घाला.